एकेचाळीस कागद आणि एक भिंगरी

वर्षाला बुटांचे दोन जोड. तुरुंगातल्या प्रत्येक शिपायाला सरकार तेवढेच द्यायचं, आणि ते वाटायचं काम माझ्याकडे होतं, कारण तिथलं स्टोअर मी सांभाळायचो. बाकीच्यांचा दुसरा जोड वर्ष संपलं तरी खोक्यातच असायचा, काहीजण तो मेव्हण्याला देऊन मोकळे व्हायचे. एकच माणूस दर चौथ्या महिन्याला माझ्या खिडकीशी यायचा, एक पाय उचलून बुटाचा तळ दाखवायचा आणि म्हणायचा, "बघ. अंगठा बाहेर येऊन हवा खातोय."

मग माझ्या वाटणीचा एक जोड त्याच्या पायात जायचा. मी पडलो बसून काम करणारा. माझे बूट म्हातारे व्हायचे, पण झिजायचे नाहीत.

त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. कैदी पाठीमागे म्हणायचे, आम्ही तोंडावर म्हणायचो आणि त्याची बायको दोन्हीकडून म्हणायची. आम्ही दोघं एकाच गावच्या शाळेतले. तिथल्या मास्तरांनी त्याला बाकावर बसवायचा नाद पहिल्याच वर्षी सोडला. तो शाळेच्या खोलीभोवती फेऱ्या मारत पाढे म्हणायचा. एका खिडकीतून प्रश्न ऐकू यायचा, उत्तर पुढच्या खिडकीत. आम्ही आत बसलेले माना फिरवत त्याच्याबरोबर शिकायचो. माझे पाढे पक्के आहेत ते त्याच्या पायांमुळे.

त्याच्या लग्नाचा फोटो मी अजून विसरलेलो नाही. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी स्पष्ट, नवरी स्पष्ट, मागचा पडदासुद्धा स्पष्ट, आणि नवरा म्हणजे धुराचा लोट. फोटोग्राफरने तीनदा काढला, तिन्ही वेळा तेच. वहिनी पाहुण्यांना फोटो दाखवून सांगायच्या, "लग्न झालंय खरं, पण कोणाशी ते यावरून सांगता यायचं नाही."

तर असा हा माणूस तुरुंगात शिपाई झाला, आणि तिथे त्याचं बस्तान बसलं म्हणावं तर बसणं हा शब्दच त्याला लागू नाही. गस्त घालायला असा माणूस शोधून सापडला नसता. दुसरे शिपाई पाळीत सहा फेऱ्या मारायचे, हा चौदा. चालता चालता त्याला सगळं दिसायचं. कोणी कांबळ्याची घडी उलटी घातली की हा सांगायचा, "याला घरून पत्र आलंय." एकदा माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "चार नंबर बराकीत दोन दिवसांत डोकी फुटतात बघ." मी विचारलं कशावरून. म्हणाला, "ते दोघं सहा महिने एक बादली वाटून घेत होते. आज दोघांच्या हातात दोन बादल्या." तिसऱ्या दिवशी मी पट्ट्या आणि औषध काढून देत होतो.

पण त्याच वर्षी एक मारामारी त्यालाही आधी दिसली नाही. कारखान्यात, म्हणजे कैदी जिथे सुतारकाम-विणकाम करतात तिथे, एकाने दुसऱ्याच्या हातावर पटाशी मारली. वरून हुकूम आला की यापुढे प्रत्येक कैद्याची स्वभावचाचणी घ्यायची आणि कोण दंगा करील याचा आधीच अंदाज बांधायचा. त्यासाठी एक मानसशास्त्रवाल्या बाई आल्या. वयाने आमच्या मुलींएवढ्या. हातात दोन जड पिशव्या, कोणाला उचलू देईनात.

पिशव्यांत कागद होते. एका कैद्याला एक कागद, त्यावर एकशे वीस प्रश्न, प्रत्येकापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. सगळं भरून झालं की बाई त्यावर एक भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवायच्या आणि भोकांतून जेवढ्या खुणा दिसतील तेवढ्या मोजायच्या. कमी निघाल्या तर हिरवं कार्ड, मध्यम निघाल्या तर पिवळं, जास्त निघाल्या तर लाल. लाल कार्ड म्हणजे वर्षभर हत्याराला हात लावायचा नाही, बाहेरच्या कामावर जायचं नाही, आणि खुल्या कारागृहात बदलीचं नाव काढायचं नाही.

भिंगरी बाईंच्या टेबलाभोवती फिरत फिरत म्हणाला, "बाई, माणूस उद्या काय करील ते कागद सांगणार?"

"कागद नाही सांगत, काका. कोणाचा तोल लवकर जातो याचा नुसता अंदाज असतो. ढग बघून तुम्ही छत्री घेता ना, तसं."

"मी छत्री घेत नाही. पळतो."

बाई हसल्या. पण कुठल्या तरी कोपऱ्यात नोंद करून ठेवल्यासारखं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, हे मला आठवतं.

चारशे कैद्यांपैकी एकेचाळीस जणांना वाचता येत नव्हतं. त्यांना प्रश्न वाचून दाखवायला स्वच्छ आवाजाचा माणूस हवा होता. मोठ्या साहेबांनी भिंगरीचं नाव दिलं, कारण त्याचा आवाज तीन बराकी ओलांडून जायचा. बाईंनी त्याला नियम सांगितला: प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा, फार तर दोनदा. पदरचा एक शब्द घालायचा नाही. कैदी जे बोलेल तीच खूण करायची. आणि शेवटी खाली सही, 'प्रश्न जसेच्या तसे वाचले' या ओळीखाली.

"त्यात काय," भिंगरी म्हणाला. "शाळेत धडे वाचलेत."

कारखान्याशेजारच्या खोलीत टेबल आणि दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. माझं स्टोअर भिंतीपलीकडेच, मधली खिडकी उघडी, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. भिंगरी खुर्चीला शिवलासुद्धा नाही. कागद एका पाटीवर लावून तो चालत चालत वाचायचा, आणि कैद्याची मान त्याच्याबरोबर इकडून तिकडे.

"तुम्हाला एका जागी फार वेळ बसणं कठीण जातं का?"

कैदी नुसता त्याच्या तोंडाकडे बघायचा. अडाणी माणसाला साहेबाच्या तोंडून छापील भाषा ऐकली की आधी भीती वाटते. भिंगरीला त्याची कीव यायची.

"म्हणजे असं बघ, बसलं की पायात मुंग्या येतात, वाटतं उठावं, दोन फेऱ्या माराव्यात. वाटतं की नाही?"

कैदी आपल्या पायांकडे बघून म्हणायचा, "वाटतं, जमादार."

हो.

"संथपणे काम करणाऱ्यांचा तुम्हाला राग येतो का? म्हणजे, नळावर एकजण बादली भरतोय, भरतोच आहे, तुझ्यामागे वीस माणसं, आणि हा बाबा भरतोच आहे. येतो की नाही?"

"येतो."

हो.

"सगळं सोडून निघून जावंसं तुम्हाला वाटतं का?" इथे भिंगरी स्वतःच थांबला. "हे काय विचारणं झालं? तुरुंगात आहेस, वाटणारच. हो लिहितो."

मी पलीकडे साबणाच्या वड्या मोजत हसत होतो. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो. उलट वाटलं, किती आपुलकीने विचारतोय.

त्या एकेचाळिसांत सुतार होता. एका भांडणात त्याच्या हातून माणूस गेला होता. ते तो नाकारत नसे आणि त्यावर बोलतही नसे. नऊ वर्षं झाली होती आत येऊन. दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातला एक 'हं' असायचा. कारखान्यातलं सुतारकाम सगळं त्याच्या हाताखाली चालायचं. भिंगरी आपल्या चौदा फेऱ्यांत जगात एकाच जागी थांबायचा, ती जागा म्हणजे या सुताराचा ओटा. रंध्यातून लाकडाची लांब सळसळती साल निघायची आणि हा तिच्याकडे बघत उभा. साल तुटली की निघाला पुढे.

खुल्या कारागृहात पाठवायच्या सहा जणांच्या यादीत सुताराचं नाव होतं. यादी महिन्याभरात पक्की होणार होती. खुलं कारागृह म्हणजे भिंत नाही, शेतात आणि कारखान्यात काम करायचं, आणि चांगल्या वागणुकीच्या माणसाला एका खोलीत बायकामुलांबरोबर राहू द्यायचे. सुताराची मुलगी तो आत आला तेव्हा एक वर्षाची होती, आता दहाची. आमच्या भेटीच्या खोलीत छातीपर्यंत भिंत आणि वर जाळी. पाच वर्षांची असताना त्या पोरीने आईला विचारलं होतं, "बाबांना पाय आहेत का?" हे सुतारानेच भिंगरीला सांगितलं होतं. त्या दिवशी त्याचे चाराहून जास्त शब्द खर्च झाले.

सुताराला त्याने वाचून दाखवलं तेही मी ऐकलं. "लहानपणी तुम्ही शाळा बुडवून पळून गेलात का?"

"शाळेत गेलोच नाही."

असा चौकोन कागदावर नव्हता. भिंगरी दोन फेऱ्या मारून म्हणाला, "म्हणजे पहिल्या दिवसापासून बुडवलीस. हो."

"हं," सुतार म्हणाला.

निकाल आठवड्याने लागला. स्वतः वाचून भरणाऱ्या साडेतीनशेंत लाल कार्डं निघाली चौतीस. आणि भिंगरीच्या एकेचाळिसांत अडतीस.

मोठे साहेब म्हणाले, "अडाणी माणूस डोक्याने भडक, हे मी आधीच सांगत होतो." बाई म्हणाल्या, "आकडा विचित्र आहे, मला कागद पुन्हा बघू द्या." पण हुकूम तो हुकूम. बाईंचं बघून होईतो कार्डं लागली. सुताराचं लाल. त्याच सकाळी त्याला कारखान्यातून काढून बराकीत बसवलं, आणि यादीतल्या त्याच्या नावापुढे पेन्सिलीने फुली आली.

भिंगरी फेरीवर तिथे गेला तेव्हा सुतार गजांशी उभा होता.

"जमादार, मी काय केलं?"

"तू नाही काही केलंस. कागदाने केलं."

"मोठा रंधा बाहेर राहिलाय. गंज धरेल."

"पुसून ठेवायला सांगतो."

"दुसऱ्याला सांगू नका. तुम्ही पुसा."

त्याने पुसला. माझ्याकडून तेल नेलं, चिंधी नेली आणि एकट्याने कारखान्यात उभं राहून तो रंधा पुसला. तेव्हापासून त्याच्या फेऱ्या चौदाच्या अठरा झाल्या, आणि प्रत्येक फेरीत तो त्या बराकीपाशी पाय जड करून जायचा. सुतार आत चालत असायचा. नऊ वर्षांत ज्याला कोणी उगाच हलताना पाहिलं नव्हतं, तो भिंतीपासून गजांपर्यंत आणि गजांपासून भिंतीपर्यंत.

त्या रविवारी संध्याकाळी मी भिंगरीच्या घरी चहाला गेलो होतो. वहिनी वाटाणे सोलत होत्या, हा माझा मित्र स्वयंपाकघर ते व्हरांडा अशी ये-जा करत होता, कपातला चहा निम्मा बशीत, निम्मा फरशीवर.

"अहो, एक घोट तरी बसून घ्या," वहिनी म्हणाल्या.

"तो सुतार लाल कसा निघाला तेच मला कळत नाही. असा प्रश्न तरी काय होता त्यात? थांब, तुलाच विचारतो. तुला एका जागी बसणं कठीण जातं का?"

"मला कशाला जाईल? मी दिवसभर कुठे बसते?"

"तसं नाही. म्हणजे बघ, बसलं की पायात मुंग्या येतात, वाटतं उठावं. वाटतं की नाही?"

वहिनी थांबल्या. "हो, तसं येतं की."

"संथ माणसाचा राग येतो? म्हणजे नळावर एक बाई बादली भरतेय, भरतेच आहे..."

"येतो."

असे दहा-बारा प्रश्न झाले आणि प्रत्येकाला वहिनी हो म्हणाल्या. तो हरखून म्हणाला, "तू तर लाल निघशील."

"निघेन नाही तर काय," वहिनी वाटाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "'वाटतं की नाही, येतो की नाही' असं नाचत नाचत विचारल्यावर ती खुर्चीसुद्धा हो म्हणेल. नाही म्हणायला जागा कुठे ठेवता तुम्ही? त्या बिचाऱ्यांनाही असंच विचारलंत का?"

भिंगरी उंबऱ्यावर होता, एक पाय आत, एक बाहेर. तो थांबला. त्या घरात मी त्याला थांबलेला पहिल्यांदाच पाहिला. बशीतला चहा तेवढा हलत होता.

तो मला फाटकापर्यंत सोडायला आला आणि पुढे माझ्या घरापर्यंत, आणि तिथून परत निघायच्या बेतात पुन्हा वळून म्हणाला, "मी काय करू?"

माझं उत्तर मी लपवत नाही. म्हटलं, "आठ महिन्यांत निवृत्त होतोयस. एकेचाळीस कागदांवर तुझी सही आहे की जसंच्या तसं वाचलं. तू तोंड उघडलंस तर पहिली चौकशी तुझी. बाई बघतायत ना पुन्हा कागद? बघू देत. गप्प राहा."

तो तीन दिवस गप्प राहिला, म्हणजे तोंडाने. पायांनी नाही. खिडकीशी यायचा, "काही नाही" म्हणून जायचा, पुन्हा यायचा. तिसऱ्या दिवशी त्याचा उजवा बूट शिवणीत उसवला, आणि मी नवा जोड काढून दिला.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणाच्या रांगेत ते झालं. सुताराला रिकामं बसवून बारा दिवस झाले होते. मागच्या एका टवाळाने डिवचलं, "काय सुतार, हात मोकळे झाले म्हणे. आता आमचे पाय चेपून दे." सुताराने भरलेलं ताट फरशीवर आपटलं. गरम कालवण त्या टवाळाच्या सदऱ्यावर उडालं. लागलं कोणाला नाही. पण अख्ख्या रांगेचं बोलणं एकदम तुटलं, आणि त्या शांततेत ताट किती तरी वेळ गरगरत राहिलं. मी स्टोअरमध्ये बसून ते ऐकलं.

मोठे साहेब ओसरीवरून बघत होते. "बघा," ते म्हणाले, "कार्ड बरोबर बोललं की नाही?"

नियम असा की जो शिपाई पाळीवर असेल त्याने संध्याकाळच्या मोजणीआधी कसुरीच्या वहीत नोंद करायची. पाळीवर होता भिंगरी. त्या वहीत सुताराच्या नावापुढे नऊ वर्षांत एक अक्षर नव्हतं. तो वही काखोटीला मारून माझ्या खिडकीशी आला.

"पेन दे."

"अरे, लिहू नकोस," मी हळूच म्हटलं. "कोणाला लागलेलं नाही. ताट निसटलं म्हण."

"चारशे माणसांनी पाहिलंय. आणि खोटी सही मी एकेचाळीस वेळा केलीय. आता बेचाळिसावी नको."

वहीत चार रकाने होते: क्रमांक, नाव, कसूर, साक्षीदार. त्याने उभ्याउभ्या सुताराची नोंद केली. ताट आपटले, कोणास इजा नाही, आधी डिवचले गेले होते, बारा दिवस काम काढून घेतलेले होते. साक्षीदार, जेवणाची रांग. मला वाटलं झालं. मी पेनासाठी हात पुढे केला. पण त्याने पुढचा क्रमांक घातला आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. त्यापुढे कसूर: 'एकेचाळीस कैद्यांस प्रश्न वाचून दाखवताना पदरची भर घातली. उत्तरे त्यांची नसून माझी आहेत. प्रश्न जसेच्या तसे वाचले अशी खोटी सही केली.' साक्षीदाराच्या रकान्यात लिहिलं, 'पत्नी.'

कैद्यांच्या वहीत शिपायाचं नाव. असं त्या तुरुंगात कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "माझंही घाल साक्षीदारात, मी खिडकीतून ऐकलंय." त्याने घातलं. आता मागे घ्यायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. बाई आधीच तिथे होत्या. एकेचाळीस कागद टेबलावर पसरलेले. साहेब वही आपटून काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी दोन कागद एकावर एक धरले आणि खिडकीच्या उजेडासमोर नेले.

"साहेब, हे बघा. वेगवेगळी माणसं, पण खुणा एकाच जागी. आता तिसरा ठेवते. चौथा. आठवडाभर मी डोकं फोडतेय की एकेचाळीस माणसांचा स्वभाव एक कसा." मग भिंगरीकडे वळून म्हणाल्या, "काका, एक कोरा कागद देते. तुमच्या स्वतःबद्दल भरा."

त्याने साहेबांच्या खोलीत फेऱ्या मारत, पाटी हातात धरून, नऊ मिनिटांत एकशे वीस खुणा केल्या. बाईंनी तो कागद सुताराच्या कागदावर ठेवून मोजलं. एकशे वीसपैकी एकशे नऊ जुळल्या.

"काका," बाई म्हणाल्या, "आपल्याकडे एकेचाळीस वेळा तुम्हीच कैदी आहात."

"माझं कार्ड कुठलं?"

"लाल. चांगलं गडद."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे माझ्या बराकींच्या किल्ल्या सव्वीस वर्षं लाल माणसाकडे आहेत."

"आणि एकही हरवलेली नाही, साहेब," भिंगरी म्हणाला.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "यात माझीही चूक आहे. मी प्रश्न तपासले, पुठ्ठा तपासला, वाचणाऱ्याला तपासलं नाही. आणि त्या ताटाचं म्हणाल तर ते कार्डानंतरचं आहे. काम काढून घेतल्यावर माणूस बिथरला, हा कार्ड खरं असल्याचा पुरावा मी धरणार नाही. तसं लिहून देते."

चाचणी पुन्हा घ्यायची ठरली. पहिले प्रश्न कैद्यांच्या कानावरून गेले होते म्हणून बाईंनी पिशवीतून दुसरा संच काढला. आता वाचायला कोण? साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा मठ्ठ आवाजाचा आहे, हा वाचेल."

लोकहो, आयुष्यात मी बरंच सोसलं, पण तसे सहा दिवस पुन्हा नकोत. एकेचाळीस माणसं, प्रत्येकी एकशे वीस प्रश्न, आणि मधे एकही गोष्ट सांगायची नाही. 'तुम्हाला प्राण्यांची भीती वाटते का' असा प्रश्न होता. मला आमच्या शाळेत शिरलेल्या रेड्याची गोष्ट जिभेच्या टोकावर, आणि बाई कोपऱ्यात बसून माझ्या ओठांवर नजर ठेवून. मी ओठ चावून काढले ते दिवस.

सुतार समोर बसला. प्रत्येक प्रश्नाला इतका वेळ घेई की भिंगरी असता तर त्याने छतावर चढून उडी मारली असती.

"हळू काम करणाऱ्या माणसाबरोबर काम करायला तुम्हाला त्रास होतो का?"

"नाही," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "लाकूड हळूच कापतात."

एक प्रश्न मात्र मी पुरा वाचायच्या आत त्याने उत्तर दिलं. तुमच्या हातून कधी कोणाला गंभीर इजा झाली आहे का, असा तो होता. मी 'हातून' म्हणालो आणि तो म्हणाला, "हो." माझी नजर कागदावरून वर उचलायची हिंमत झाली नाही.

नव्या मोजणीत एकेचाळिसांत लाल निघाले पाच. त्यातल्या एकाने पुढे खरंच दंगा केला, हेही सांगायला हवं. आणि एका हिरव्यानेही केला, तेही. सुतार पिवळा निघाला. पिवळ्याला साहेबांच्या शेऱ्याने खुल्या कारागृहात जाता येतं. साहेबांनी कसुरीची वही उघडली, दोन्ही नोंदी वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि यादीतली पेन्सिलीची फुली खोडली. खोडरबर माझ्याच स्टोअरचं होतं.

मग भिंगरीकडे वळले. "खरं लिहिलंत म्हणून निलंबन नाही. पण सही खोटी होती, शिक्षा होणार. आजपासून निवृत्तीपर्यंत गस्त बंद. मोठ्या फाटकातल्या दिंडीदरवाजाशी बसायचं. बसायचं, समजलं ना? पाळी संपेपर्यंत उठायचं नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, त्यापेक्षा बराकीत टाका."

पहिल्या दिवशी त्याला लोखंडी खुर्चीवर बसवलं. दुपारी मी बघायला गेलो तर हा माणूस खुर्चीच्या कडेला, दोन्ही गुडघे हातांनी दाबून, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा. कपाळावर घाम. म्हणाला, "आठ महिने कसे काढायचे रे?"

सुताराला जायला तेव्हा चार दिवस होते आणि त्याला कारखान्यात परत घेतलं होतं. बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू माझ्या नोंदीतून जायची. तिसऱ्या दिवशी त्याने एक स्टूल आणून माझ्यासमोर ठेवलं. मी हात लावून बघितलं तर ते डुगडुगत होतं. एक पाय करंगळीभर आखूड.

"हे नापास," मी म्हटलं. "तुझ्या हातून असं कसं झालं?"

"मापानेच केलंय." तो आजूबाजूला बघून म्हणाला, "जमादारासाठी. सरळ स्टुलावर तो मरेल. यावर बसला तरी डुलता येईल. साहेबांनी उठू नको म्हटलंय, डुलू नको म्हटलेलं नाही."

एवढं लांब बोलणं त्याने नऊ वर्षांत केलं नसावं. मी वहीत लिहिलं: स्टूल एक, हवे तसे. आणि खाली सही केली. तिच्यात खोटं काहीही नव्हतं.

सुतार निघाला त्या सकाळी गाडी फाटकाबाहेर उभी होती. बायको आणि मुलीला त्याच गाडीतून नेण्याची परवानगी बाईंनी खटपट करून मिळवली होती. मोठं फाटक गाडीशिवाय कोणासाठी उघडत नसे. माणसाने दिंडीतून जायचं, म्हणजे त्या फाटकातल्या बुटक्या दारातून, वाकून, आधी पाय बाहेर टाकून. भिंगरीने स्टुलावर बसूनच कडी काढली.

सुताराने त्याच्या खांद्यावर एकदा हात ठेवला, वाकला आणि पाय बाहेर टाकला. बाहेरून पोरीचा आवाज आला, आईला सांगत होती, "बघ, किती मोठे आहेत."

दार बंद झालं. भिंगरीने कडी लावली. स्टूल बोलत होतं, टक टक, टक टक, असं की दोन बराकी ऐकत होत्या.

दिंडीशी बसल्यापासून तो नवे बूट मागायला माझ्या खिडकीशी आला नाही. निवृत्तीच्या दिवशी बूट जमा करायला आला, तर तळ कोरे करकरीत. स्टूल मात्र त्याने घरी नेलं, आणि ते आता डुलत नाही. सात-आठ महिन्यांत उरलेले तीन पाय झिजून चौथ्याच्या बरोबरीला आले. वहिनी म्हणतात, आता नवं करून आणायला हवं, तोवर हा माणूस पुन्हा घरभर फिरतोय.